दिघंचीत जानेवारीत पाऊस? एक्सेलची फाईल आरमध्ये घेताना तारखा आणि आकडे बिघडतायत

माणगंगा

नमस्कार. मी सांगलीत एम.ए. भूगोल करतेय, दुसरं वर्ष. गाव आटपाडी तालुक्यात. प्रोजेक्टसाठी जिल्ह्याच्या दोन टोकांचा पाऊस घेतलाय, पश्चिमेचा शिराळा आणि पूर्वेचा आटपाडी. २०१९ चा पावसाळा, जून ते सप्टेंबर, महसूल मंडळानुसार रोजची नोंद. एका कार्यालयातून मेलवर एक्सेलची फाईल मिळाली.

एसपीएसएस हे आकडेवारीचं सॉफ्टवेअर परवडणारं नाही म्हणून आर हा त्याच कामाचा मोफत प्रोग्रॅम आणि तो सोयीने वापरण्यासाठीचं आरस्टुडिओ लॅपटॉपवर टाकून घेतलंय. याआधी आर कधी वापरलेलं नाही. सुरुवातीला फाईल सापडतच नव्हती. मैत्रिणीने सांगितलं की फाईलच्या पत्त्यात विंडोज ज्या तिरक्या रेघा देतं त्या उलट्या दिशेच्या करायच्या, तेव्हा कुठे रीड एक्सेल या आज्ञेने फाईल आत आली.

पण आत जे दिसतंय ते मूळ फाईलसारखं नाही. स्तंभांच्या नावांच्या जागी तीन टिंबं आणि पुढे २, ३, ४ असं आलंय, कारण वरच्या तीन ओळींत जिल्हा, वर्ष वगैरे मथळा आहे. तालुक्याच्या स्तंभात 'आटपाडी' एकदाच आहे, त्याखाली सगळीकडे एनए, म्हणजे माहिती नाही. एक्सेलमध्ये तो मोठा एकच चौकोन दिसतो.

तारखांचं तर काहीच समजत नाही. आमच्या आटपाडीतल्या दिघंची मंडळाच्या पहिल्या ओळीत ४३४७१ असा आकडा आहे. दुसरीत ४३५०२, तिसरीत ४३५३०. अशा बारा ओळी. तेराव्या ओळीपासून मात्र १३/०६/२०१९, १४/०६/२०१९ असं नीट. जुलैत परत तेच. नेटवर बघून त्या आकड्यांच्या तारखा केल्या आणि महिन्यानुसार मोजणी केली, तर बाराही महिने आले! दिघंचीच्या जानेवारीत चारच ओळी आहेत: ६, ७, ८ आणि ९ तारीख.

पावसाची सरासरी काढायला गेले तर इशारा आला की हा स्तंभ संख्येचा नाही. अ‍ॅज न्यूमेरिक ही मजकुराची संख्या करायची आज्ञा चालवली, तर 'एनएज इंट्रोड्यूस्ड बाय कोअर्शन' असा लाल मजकूर. मग एनए वगळून सरासरी घेतली. सरासरी आली, पण दिघंचीची रोजची सरासरी एवढी मोठी आलीय की घरी सांगितलं तर वडील वही फेकून देतील. आमच्याकडे पाऊस किती पडतो ते आम्हाला माहीत आहे. स्तंभात बऱ्याच ठिकाणी 'निरंक' असा शब्द आहे आणि काही चौकोन रिकामे आहेत.

कुठून सुरुवात करू? गाईड म्हणतात, पुढच्या आठवड्यात निदान तक्ता तरी दाखव.


वारणाकाठ

ताई, आज्ञा टाइप करत बसू नका. आरस्टुडिओत उजवीकडे वरच्या खिडकीत 'इम्पोर्ट डेटासेट' म्हणून बटण आहे. त्यातून 'फ्रॉम एक्सेल' निवडलं की फाईल कशी दिसणार ते आधीच दाखवतं. खाली 'स्किप' असतं, तिथे ३ टाकलं की मथळ्याच्या ओळी जातात. प्रत्येक स्तंभाच्या नावावर क्लिक करून तो संख्या आहे, तारीख आहे की मजकूर, तेही ठरवता येतं. उजव्या कोपऱ्यात त्याची आज्ञा तयार होऊन दिसते, ती उचलून स्क्रिप्टमध्ये, म्हणजे आज्ञांच्या फाईलमध्ये ठेवा.

बाकी मथळा, एकत्र केलेले चौकोन वगैरे एक्सेलमध्येच हाताने काढून टाका आणि 'निरंक' फाइंड-रिप्लेस करून रिकामं करा. दहा मिनिटांचं काम आहे.


मिरज_सांख्यिकी

माणगंगा, तू ६, ७, ८, ९ जानेवारी असं नेमकं लिहिलंस, त्यामुळे फाईल न बघताच दुखणं कळलं.

दिघंचीची पहिली ओळ १ जूनची, म्हणजे ०१/०६/२०१९. ही फाईल तुझ्यापर्यंत येताना मध्ये कुठेतरी अशा संगणकावर उघडली गेली, जिथे विंडोजची तारखेची पद्धत अमेरिकन होती: आधी महिना, मग दिवस. तिथल्या एक्सेलने ०१/०६ हे ६ जानेवारी असं वाचलं. तसंच १ जुलै झाली ७ जानेवारी, १ ऑगस्ट ८ जानेवारी आणि १ सप्टेंबर ९ जानेवारी. याच तुझ्या जानेवारीच्या चार ओळी. प्रत्येक महिन्याची २ तारीख फेब्रुवारीत गेली, ३ तारीख मार्चमध्ये, असं करत १२ तारीख डिसेंबरात. १३ जूनला मात्र तेरावा महिना कुठून आणणार? म्हणून ती नोंद एक्सेलने तारीख न मानता मजकूर म्हणून तशीच सोडली. बारा ओळी आकडे आणि तेराव्यापासून नीट दिसणाऱ्या तारखा, याचं कारण एवढंच. जे नीट दिसतंय ते खरं तर एक्सेलला न समजलेलं आहे, आणि जे त्याला 'समजलं' ते चुकलंय.

हे एक्सेलमध्ये नुसत्या डोळ्यांनीही ओळखता येतं. रकान्याला कुणी हात लावला नसेल तर एक्सेल मजकूर डावीकडे चिकटवतं आणि संख्या व तारखा उजवीकडे. तारखेचा स्तंभ थोडा रुंद करून बघ. १ ते १२ उजवीकडे आणि १३ पासून डावीकडे दिसतील.

आता ४३४७१ म्हणजे काय. एक्सेलच्या पोटात तारीख ही दिवसांची मोजणी असते, १ जानेवारी १९०० ला १ धरून. १९०० हे लीप वर्ष नव्हतं, पण लोटस १-२-३ या जुन्या प्रोग्रॅमशी जुळावं म्हणून एक्सेलने ते लीप धरलं आणि एक दिवस वाढला. त्यामुळे आरमध्ये अ‍ॅज डेट करताना 'ओरिजिन' म्हणून ३० डिसेंबर १८९९ द्यावा लागतो. १ जून २०१९ चा खरा क्रमांक ४३६१७. तुझ्याकडे आहे ४३४७१, आणि तो बरोबर ६ जानेवारी २०१९ चा आहे. पुढच्या ओळीत ३१ ची उडी आहे, मग २८ ची. हे जानेवारी आणि फेब्रुवारीचे दिवस. तुझ्या तारखा दिवसाने नाही, महिन्याने पुढे सरकतायत.

दुरुस्ती अशी कर. (आज्ञांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग.) रीड एक्सेलमध्ये स्किप ३ दे आणि कॉल टाइप्सला 'टेक्स्ट' दे, म्हणजे सगळे स्तंभ मजकूर म्हणूनच आत येतील. नवशिक्याने पहिल्यांदा असंच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. प्रकार सांगितला नाही तर रीड एक्सेल पहिल्या हजार ओळी बघून स्तंभाचा प्रकार ठरवतं. सगळी मंडळं धरली की तुझी फाईल हजाराच्या वर जाते, आणि त्यापुढे कुठे वेगळं काही आलं तर ते इशारा देऊन एनए करून टाकतं. इशारे खूप आले की माणूस वाचत नाही. मजकूर म्हणून घेतलं की काहीच हरवत नाही, मग एकेक स्तंभ आपण हाताने बदलायचा.

तारखेच्या स्तंभाचे दोन गट कर. ज्यात तिरकी रेघ आहे तो मजकूर ल्युब्रिडेट पॅकेजच्या 'डी एम वाय'ने (दिवस, महिना, वर्ष या क्रमाने) वाच. ज्यात नुसता पाच आकडी अंक आहे त्याची तारीख वर सांगितल्याप्रमाणे कर, आणि मग तिच्या दिवसाला महिना आणि महिन्याला दिवस कर. हे दोन्ही एकाच नव्या स्तंभात ठेव, जुना तसाच राहू दे. ६ जून, ७ जुलै, ८ ऑगस्ट आणि ९ सप्टेंबर या चार तारखा फिरवल्या तरी त्याच राहतात, त्यांची काळजी नको.

झाल्यावर दोन गोष्टी बघ. महिन्यांच्या मोजणीत फक्त जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर हवेत. आणि प्रत्येक मंडळाच्या ओळी बरोबर १२२ हव्यात: ३०, ३१, ३१, ३०. १२३ आल्या तर तळाशी 'एकूण'ची ओळ राहिलीय. ती ओळ राहिली तर त्या मंडळाचा पाऊस थेट दुप्पट दिसेल.

आता पाऊस. इथे वारणाकाठ यांच्याशी माझं पटत नाही. बटणाबद्दल त्यांनी सांगितलंय ते उत्तम आहे, पण 'निरंक' पुसून रिकामं करू नकोस. निरंक म्हणजे त्या दिवशी नोंद घेतली आणि पाऊस शून्य होता. रिकामा चौकोन म्हणजे नोंदच नाही. तू अ‍ॅज न्यूमेरिक केलंस तेव्हा आरला 'निरंक' वाचता आलं नाही, त्याने एनए केलं. लाल मजकूर त्याचाच होता. मग तू एनए वगळलेस, म्हणजे कोरडे दिवस हिशेबातूनच गेले आणि फक्त ओल्या दिवसांची सरासरी निघाली. समज, दहा दिवसांत आठ दिवस निरंक आणि दोन दिवस २० आणि ३० मिमी. खरी सरासरी ५ मिमी, तुझ्या पद्धतीने २५. शिराळ्यातल्या कोकरूडला ऑगस्टमध्ये निरंक दिवस जवळपास नसतातच, म्हणून तिथली सरासरी फारशी हलत नाही. आटपाडीची मात्र कितीतरी पट होते. जिथे दुष्काळ जास्त तिथे चूक जास्त, आणि ती चूक दुष्काळच झाकते. तुझा सगळा प्रोजेक्ट याच फरकावर उभा आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहितेय. वडिलांना वही फेकू दे, त्यांचंच बरोबर आहे.

तर आधी 'निरंक'च्या जागी शून्य घाल, आणि मगच अ‍ॅज न्यूमेरिक कर. त्यानंतरही लाल मजकूर आला तर स्तंभात आणखी काहीतरी आहे. कुठल्या ओळी एनए झाल्या त्या मूळ मजकुरासह छापून बघ. बहुतेक वेळा आडवी रेघ असते, 'मिमी' चिकटवलेलं असतं, नाहीतर ओ हे इंग्रजी अक्षर शून्य म्हणून टाइप केलेलं असतं. मराठी आकडे असू शकतात: १२.५ असं देवनागरीत लिहिलेलं आर संख्या म्हणून घेत नाही. त्यासाठी 'सी एच ए आर टी आर' ही आज्ञा आहे, ती ० ते ९ एका झटक्यात इंग्रजी अंकांत बदलते.

आणखी एक. मूळ एक्सेल फाईलला हात लावू नकोस, एक चौकोनसुद्धा बदलू नकोस. 'मूळ' नावाचं फोल्डर कर, त्यात ठेव आणि फाईलच्या प्रॉपर्टीजमध्ये रीड ओन्ली कर. दुरुस्त्या सगळ्या स्क्रिप्टमध्ये. हाताने केलेली दहा मिनिटांची साफसफाई दोन महिन्यांनी कुणालाच सांगता येत नाही. गाईडनी विचारलं की हे शून्य कुठून आलं, तर स्क्रिप्टमधली ओळ दाखवता आली पाहिजे.

तालुक्याचं सोपं आहे. एकत्र केलेल्या चौकोनात नाव फक्त सर्वांत वरच्या खान्यात असतं, बाकीचे खरोखर रिकामे असतात. टायडीआर पॅकेजमधलं 'फिल' वरचं नाव खाली ओढतं. पण ते फक्त तालुका आणि मंडळ या स्तंभांवर चालव. पावसाच्या स्तंभावर चुकून चाललं तर कालचा पाऊस आजच्या रिकाम्या दिवशी येऊन बसेल आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

शेवटी एकदा मोठ्यात मोठे आकडे बघ. महसूल खातं २४ तासांत ६५ मिमी किंवा जास्त पावसाला अतिवृष्टी धरतं. दिघंचीत कुठे ६५० दिसलं तर तो पाऊस नाही, ६५.० मधला दशांश गेलाय. आणि सरासरीच्या बरोबरीने पावसाचे दिवसही मोज, म्हणजे २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झालेले दिवस. हवामान खात्याची व्याख्या तीच आहे. आटपाडी आणि शिराळ्यातला फरक त्यात जास्त स्वच्छ दिसतो.


वारणाकाठ

मॅडम, निरंकचं पटलं. मी ते नुसता भरायचा शब्द समजत होतो.


वडूजचा_शेतकरी

मुली, मी कृषी खात्यात होतो, आता निवृत्त. आमच्या खटाव तालुक्यातलाच पाऊस मोजलाय. आर का काय ते मला येत नाही, पण निरंक मी माझ्या हाताने लिहिलेला आहे, म्हणून दोन शब्द.

सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाजवळ जायचं. वरचं नरसाळं काढायचं, आतल्या बाटलीतलं पाणी मोजपात्रात ओतायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि मिलिमीटर वाचायचे. उन्हाळा असो की आभाळ निरभ्र असो, नरसाळं काढून आत बघायचंच. बाटली कोरडी दिसली की वहीत निरंक. तो शब्द कुणीतरी तिथे जाऊन बघितल्याची खूण आहे. मॅडमनी सांगितलं ते सोळा आणे खरं आहे.

रिकामा रकाना म्हणजे त्या दिवशी तिथे कुणी पोचलं नाही, किंवा पोचलं पण आकडा पुढे कळवला गेला नाही. आता मंडळांत स्वयंचलित यंत्रं बसलीत, त्यांचीही बॅटरी किंवा रेंज गेली की रकाना रिकामाच. आणि हे कधी होतं ते ध्यानात ठेव. ओढ्याला पाणी आलं, रस्ता बंद झाला, वीज गेली, अशाच दिवशी नोंद राहते. म्हणजे पाऊस सर्वांत जास्त असतो तेव्हाच रकाना रिकामा राहायची भीती. त्या जागी शून्य घातलंस तर पुराच्या दिवशी ऊन पडलं असं होईल. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी तिथे ४५ आहे. शिराळ्याकडचे त्या आठवड्यातले रिकामे रकाने असतील तर जपून.

अजून एक, तारखेबद्दल. ८ तारखेची नोंद म्हणजे ७ च्या सकाळी साडेआठपासून ८ च्या साडेआठपर्यंतचा पाऊस. नदीच्या पातळीशी ताडून बघणार असशील तर हे लागेल. ७ ला दुपारभर कोसळलेला पाऊस वहीत ८ ला दिसतो.


माणगंगा

मॅडम, काका, खूप खूप आभार. जानेवारी गेला! चारच महिने उरले. दिघंचीच्या ओळी १२३ आल्या, म्हणजे 'एकूण'ची ओळ होतीच. ती काढल्यावर १२२. निरंकला शून्य केल्यावर सरासरी एकदम खाली आली, ती बघून वडील म्हणाले, हां, आता आपला पाऊस वाटतोय.

लाल मजकूर परत आला होता. ओळी छापून बघितल्या तर दोन ठिकाणी आकड्यापुढे 'मिमी' लिहिलेलं आणि एका मंडळाचा जुलैचा अर्धा महिना मराठी आकड्यांत. तेही झालं.

पण नवीन अडचण. गाईडना तक्ता आवडला आणि ते म्हणाले, सातारा जिल्ह्यातले तालुकेही घे, पाटण-महाबळेश्वर ते माण अशी आडवी रेघ मिळेल. साताऱ्याचा पाऊस एका फाईलमध्ये मिळाला, तालुक्यांची क्षेत्रफळं दुसऱ्या फाईलमध्ये. दोन्ही सीएसव्ही, म्हणजे स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर. तालुक्याच्या नावावर जोडलं तर दहा तालुके जुळले आणि कऱ्हाड जुळत नाही. दोन्हीकडे 'कऱ्हाड'च लिहिलंय, एकाखाली एक ठेवून बघितलं, एका काना-मात्रेचा फरक नाही. मोकळी जागा असेल म्हणून ट्रिम डब्ल्यू एसही करून बघितलं.

आणि सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडली तर सगळं मराठी गेलं, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं दिसतात. आरमध्ये मात्र तीच फाईल नीट मराठीत येते. हे कसं?


अजिंक्यतारा

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, साताऱ्यात सहकारी संस्थांची दप्तरं संगणकावर घ्यायचं काम करतो, हे रोज बघतो.

फाईल यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवायच्या पद्धतीत आहे. विंडोजवरचं आर ४.२ पासून, म्हणजे २०२२ पासून, यूटीएफ-८ आपणहून धरून चालतं, म्हणून तिथे मराठी दिसतं. एक्सेलला सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली की ते जुन्या पद्धतीने वाचतं. फाईल खराब झालेली नाही. पण त्या अवस्थेत सेव्ह केलीत तर खरोखर खराब होईल, तेव्हा बघून तशीच बंद करा. नुसतं बघायचं असेल तर नोटपॅडमध्ये उघडा. एक्सेलमध्येच हवी असेल तर डेटा मेनूतून 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, तिथे वरती यूटीएफ-८ निवडता येतं आणि स्तंभांचे प्रकारही. तारखांचा जो घोळ तुमच्या पहिल्या फाईलचा झाला तोही या वाटेने टळतो, तारखेच्या स्तंभाला टेक्स्ट ठरवलं की झालं.

पुढेमागे जुन्या फाईली मिळतील त्यात मात्र वेगळाच प्रकार दिसेल. श्रीलिपी, कृतिदेव अशा फाँटमध्ये टाइप केलेलं मराठी हे आतून इंग्रजी अक्षरंच असतात, फाँट त्यांना मराठी कपडे घालतो. आरमध्ये आणलं की ती इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. त्याला यूटीएफ-८ चा उपाय चालत नाही. आधी फाँट कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्यावं लागतं, आणि त्यानंतर जोडाक्षरं एकदा वाचून काढावी लागतात.

कऱ्हाडचं मलाही जाणून घ्यायचंय. आमच्याकडे सभासदांच्या याद्यांमध्ये कुऱ्हाडे आणि गोऱ्हे आडनावांचं असंच होतं.


मिरज_सांख्यिकी

ते रफारासारख्या आडव्या ऱ्-मुळे होतं, आणि सातारा जिल्ह्याचा डेटा घेतला की ते हमखास भेटतं.

हा ऱ् युनिकोडमध्ये दोन रस्त्यांनी टाइप होतो. एकात 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि त्यामागे एक न दिसणारं जोडचिन्ह, झेडडब्ल्यूजे. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. तुमचा कीबोर्ड किंवा मोबाईल कुठला यावर ठरतं. आर मात्र चिन्हं मोजतं. दोन्ही फाईलींतल्या कऱ्हाडवर 'एन कॅर' चालवून बघ, एक ६ येईल आणि दुसरा ७. ट्रिम डब्ल्यू एस फक्त दोन्ही टोकांची मोकळी जागा काढतं, हे चिन्ह शब्दाच्या आत आहे. त्या जोडचिन्हाला पडद्यावर रुंदीही नसते, म्हणून डोळ्याला काहीच सापडत नाही. 'यूटीएफ ८ टू इंट'ला तो शब्द दिलास की प्रत्येक चिन्हाचा क्रमांक दिसतो. जोडचिन्हाचा ८२०५ आहे.

दोन्ही फाईलींत र, हलन्त, जोडचिन्ह या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त घालणारी एक जीसब लिही, आणि ती जोडण्याच्या आधी चालव. तिसराही प्रकार क्वचित असतो, र आणि खाली वेगळा नुक्ता. तो स्ट्रिंगआय पॅकेजमधलं एनएफसी सरळ करतं.

पण खरं सांगू का, नावावर जोडूच नकोस. आज कऱ्हाड आहे, उद्या कुणी कराड लिहील. तुझ्याच जिल्ह्यात कवठेमहांकाळ एकत्र, तोडून आणि क.महांकाळ असं तिन्ही तऱ्हांनी लिहिलेलं मिळेल. जनगणनेत प्रत्येक तालुक्याला क्रमांक आहे. सांगलीचे १० आणि साताऱ्याचे ११ तालुके, एकवीस ओळींची छोटी सूची कर: एका बाजूला क्रमांक, दुसऱ्या बाजूला जी जी रूपं सापडली ती. प्रत्येक नवी फाईल आली की आधी या सूचीतून क्रमांक लाव आणि मग क्रमांकावर जोड. क्रमांक मजकूर म्हणूनच घे, नाहीतर पुढची शून्यं गळून पडतात. आणि जोडल्यावर अँटी जॉइन चालवून कोण सुटलं ते बघायचं, दर वेळी. जोड न जुळल्याचा इशारा आर स्वतःहून देत नाही.


माणगंगा

६ आणि ७ च आले! जीसब चालवल्यावर जुळलं. आता सूची करायला घेतलीय, क.महांकाळ आधीच सापडलं.

काकांनी सांगितलेलं बघितलं. पश्चिमेकडच्या एका मंडळात ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात सलग रकाने रिकामे आहेत. आजूबाजूच्या मंडळांत त्याच दिवसांत भरपूर पाऊस आहे. हे एनए ठेवू की शेजारच्या मंडळांवरून भरू? एनए वगळून बेरीज केली तर त्या मंडळाचा ऑगस्ट सगळ्यांत कोरडा दिसतो.


मिरज_सांख्यिकी

भरू नकोस, आणि त्या मंडळाची ऑगस्टची बेरीजही छापू नकोस. तक्त्यात प्रत्येक बेरजेशेजारी 'नोंद असलेले दिवस' असा स्तंभ घाल. ३१ पैकी किती ते वाचणाऱ्याला दिसू दे. या मंडळाच्या ऑगस्टसमोर बेरजेऐवजी 'नोंद अपुरी' लिही. शेजारच्या मंडळांवरून अंदाज काढायच्या पद्धती आहेत, पण त्या गाईडना विचारून वेगळ्या तक्त्यात, मोजलेल्या पावसात मिसळून नाही.

आधी मात्र नोंदवही आहे का ते बघ. रिकाम्या रकान्यांची मंडळ आणि तारीख अशी यादी आरमधून काढून कागदावर छापून घे.


वडूजचा_शेतकरी

आणि ती यादी घेऊन स्वतः जा, मेल करू नको. पर्जन्याची वही वेगळी असते, ती मागायची. पुराच्या दिवसांतले आकडे पुष्कळदा वहीत असतात, फक्त वर कळवायचे राहिलेले असतात. दोन-तीन दिवसांचं पाणी एकदम मोजलेलं असलं तर शेऱ्यात तसं लिहिलेलं असतं, तो शेराही उतरवून घे.